शर्यतीच्या घोड्याचा घसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्याच्या पावसाळी हंगामात आणि पुढे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला, बहुतेक वेळा सकाळच्या ट्रॅकवर्कनंतर चहाच्या कपावर, घोडेमालकांकडून आणि सिंडिकेटमधल्या छोट्या भागीदारांकडून येतात. उत्तरं पशुवैद्याच्या बाजूने लिहिली आहेत. ट्रेनरमंडळींना त्यांतली काही पटणार नाहीत, त्याला इलाज नाही.

जॉकी म्हणतो, "दोनशे मीटर राहिले आणि घोड्याचा दम एकदम तुटला." घशाचंच असेल का?

असू शकेल. पण "दम तुटला" या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळी दुखणी मावतात, म्हणून आधी तो कसा तुटला हे विचारा.

छान पळणारा घोडा मागून कोणी शेपूट धरल्यासारखा एकाएकी अडला, घशात गुळगुळ झाली, एक-दोनदा गिळल्यासारखं केलं आणि वेग कमी होताच काही झालंच नाही अशा थाटात चालू लागला, तर संशय मऊ टाळूवर जातो. वेग वाढला तसा आवाज वाढत गेला आणि घोडा थोडा थोडा करत मागे पडला, तर स्वरयंत्राच्या लकव्यावर. एकाएकी अडला आणि खोगीर उतरवल्यावरही बराच वेळ सावरला नाही, तर घसा राहू द्या, आधी हृदयाचे ठोके ऐका. ठोक्यांची लय बिघडली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, की उत्तम घोडाही अर्ध्या शर्यतीत गळपटतो. चौथी शक्यता फुप्फुसातल्या रक्तस्रावाची. आणि पाय दुखणारा घोडा दमल्यासारखा दिसतो ही पाचवी, जी सगळ्यात आधी तपासायची आणि सगळ्यात शेवटी आठवते.

जॉकी वजन देऊन बाहेर आला की लगेच विचारा, इतरांची मतं त्याच्या कानावर पडायच्या आत. संध्याकाळपर्यंत जॉकीची साक्ष ही ट्रेनरची साक्ष झालेली असते.

घोडा दमल्यावर तोंडाने श्वास का घेत नाही?

कारण त्याला ती सोयच नाही. त्याचा मऊ टाळू लांबलचक असतो आणि स्वरयंत्र त्या टाळूतल्या फटीतून वर आलेलं असतं, सदऱ्याच्या काजातून गुंडी बाहेर यावी तसं. एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडाशी असलेलं पानाच्या आकाराचं झाकण, टाळूच्या वरच्या अंगाला टेकून बसतं. त्यामुळे नाकपुडीपासून श्वासनलिकेपर्यंत हवेचा रस्ता सलग असतो आणि चंदीचा, गवताचा रस्ता त्याच्या खालून वेगळा जातो. गिळताना तेवढी क्षणभर गुंडी काजातून निघते आणि लगेच परत बसते.

भरधाव पळताना ती निघाली आणि परत बसली नाही, तर टाळूचा मोकळा काठ स्वरयंत्राच्या तोंडावर येतो, बाहेर येणाऱ्या हवेने फडफडतो आणि वाट अडवतो. याला डीडीएसपी म्हणतात. ट्रॅकवर याचं नाव "घोड्याने जीभ गिळली". जीभ काही गिळली जात नाही, पण तो गुळगुळाट एकदा ऐकला की हे नाव का पडलं असेल ते कळतं.

दुसरी गोष्ट पायांची. कँटर (मध्यम दौड) आणि गॅलपमध्ये (भरधाव दौड) घोड्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. झेप साधारण ७ मीटरची धरली तर १२०० मीटरच्या शर्यतीत सुमारे १७० झेपा होतात, म्हणजे जेमतेम सत्तर सेकंदांत १७० श्वास. प्रत्येक श्वासाला १२ लिटरच्या आसपास हवा. तबेल्यात उभा असताना हाच घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो. त्याला झेप न सोडता एखादा खोल श्वास जास्तीचा घेता येत नाही. झेप ठरवेल तेवढ्याच वेळात, नाकाच्या त्याच वाटेने हवा आत यायला हवी.

"थोडंसंच अरुंद झालंय" असं सांगितलं. थोड्याने काय बिघडतं?

नळीचं गणित क्रूर आहे. हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि प्रवाह खळाळता असेल तर त्याहूनही जास्त. त्रिज्या २० टक्के कमी झाली की अडथळा जवळजवळ अडीचपट होतो. उभ्या घोड्याला याचा पत्ताही लागत नाही. पण भरधाव वेगात श्वास आत ओढताना घशात इतका निर्वात दाब तयार होतो की जे काही सैल आहे ते आत खेचलं जातं, आणि थोडी अरुंद वाट बरीच अरुंद होते. ओला कागदी स्ट्रॉ जोरात ओढला की मध्येच चपटा होतो, तसंच.

आवाज करतो. कोणता आवाज कसला, हे कठड्याशी उभं राहून कळेल का?

बरंचसं कळतं, फक्त घोड्याचे पुढचे पाय बघत ऐकायचं. कँटरमध्ये पुढचे पाय जमिनीवर येतात तेव्हा घोडा श्वास सोडतो. ते उचलून अंग पुढे लांबवतो तेव्हा घेतो. आता आवाज कोणत्या क्षणाला येतो ते जुळवा.

श्वास घेताना शिट्टीसारखा आणि पुढे करवतीसारखा आवाज, वेगाबरोबर वाढणारा, हा स्वरयंत्राच्या लकव्याचा नेहमीचा आवाज. याच घोड्यांना इंग्रजीत रोअरर, गुरगुरणारे म्हणतात. श्वास सोडताना घोरल्यासारखी फडफड आणि ती अचानक सुरू झालेली, तर टाळू. आणि सकाळी ताज्या दमाच्या घोड्याने सुरुवातीच्या कँटरला नाकपुडीतून फर्र फर्र केलं आणि वेग घेतल्यावर ते थांबलं, तर ती नाकपुडीच्या पडद्याची थरथर आहे; त्यावर पैसे खर्च करू नका.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवणारे मालक वाढलेत. चांगलं आहे, पण वारा आणि शेजारच्या घोड्याच्या टापा यांतून फार थोडं हाती लागतं. जॉकीच्या कानाला त्याहून जास्त ऐकू येतं.

आवाज अजिबात नाही. म्हणजे घसा ठीक आहे असं धरू?

नाही. टाळू सरकणाऱ्या घोड्यांपैकी बरेच घोडे काहीच आवाज करत नाहीत. आवाजाच्या घोड्याला निदान कोणी तपासायला तरी नेतं. मुक्या घोड्याला "मनाचा कच्चा" ठरवून खालच्या वर्गात उतरवलं जातं.

स्कोप केला, रिपोर्ट नॉर्मल आला. मग विषय संपला ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा लांबण लावतो.

तबेल्यात उभ्या घोड्याच्या नाकातून दुर्बीण घातली जाते तेव्हा आपण त्याचा घसा विश्रांतीत पाहतो. दोष मात्र भरधाव वेगात दिसणारा. मोटार गॅरेजमध्ये उभी असताना बॉनेट उघडून "घाटात का तापते" ते शोधण्यासारखं आहे हे. काही गोष्टी दिसतील, काही दिसणारच नाहीत.

दिसणाऱ्या गोष्टी खऱ्याच मोलाच्या आहेत. एपिग्लॉटिसवर खालची त्वचा चढून बसली असेल तर ते लगेच कळतं: झाकणाचा नक्षीदार काठ आणि त्यावरच्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसेनाशी होते, फक्त आकार राहतो, उशीला अभ्रा घातल्यासारखा. ॲरिटेनॉइड कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राचं दार उघडणाऱ्या डाव्या-उजव्या कूर्चांपैकी एखादी, सुजून वेडीवाकडी झाली असेल, तिच्यावर गाठ किंवा व्रण असेल, तेही दिसतं. स्वरयंत्राची डावी बाजू पूर्ण लुळी पडली असेल तर लपत नाही. गट्टुरल पाउचच्या, म्हणजे घशाच्या वर दोन्ही बाजूंना असलेल्या हवेच्या पिशव्यांच्या, तोंडातून पू येतोय, घशात गाठ आहे, श्वासनलिकेत शेंबूड किंवा रक्त आहे, सगळं एका खेपेत पाहून होतं. म्हणून पहिली पायरी तीच, आणि ती दोन्ही नाकपुड्यांतून करावी.

पण टाळूचं सरकणं विश्रांतीच्या स्कोपमध्ये भरवशाने कळत नाही, दोन्ही बाजूंनी चुकतं. तपासताना नाकपुडी दाबली म्हणून टाळू सरकला आणि घोड्याने गिळून तो लगेच परत बसवला, तर ते बऱ्याच निरोगी घोड्यांतही होतं. उलट, शर्यतीत हमखास टाळू सरकणारा घोडा तबेल्यात आदर्श घसा दाखवतो. स्वरयंत्राच्या कडेच्या घड्या आत कोसळणं, स्वरतंतू आत ओढले जाणं, घशाच्या भिंती आकसणं हे तर पळतानाच दिसतं.

तेव्हा नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "उभा असताना नॉर्मल" एवढाच घ्यायचा.

मग नाकपुड्या दाबून धरतात ते कशासाठी?

अर्ध्या ते एक मिनिटापर्यंत नाक बंद ठेवलं की घोडा जोर लावून श्वास ओढतो आणि घशात भरधाव पळतानाच्या दाबाच्या जवळपास दाब तयार होतो. सोडल्यावर स्वरयंत्र किती उघडतं ते पाहायचं. नाकातून पाण्याची पिचकारी मारून गिळायला लावतात, तेही त्यासाठीच. गिळल्यानंतरच्या क्षणी दोन्ही कूर्चा पूर्ण उघडायला हव्यात.

इतका धिंगाणा करतो, गुंगीचं इंजेक्शन देऊन टाका ना?

स्वरयंत्राची हालचाल जोखायची असेल तर शक्यतो नको. झायलाझीनसारख्या औषधांनी घशाचे स्नायूही सुस्तावतात आणि चांगल्या घोड्याला वाईट ग्रेड मिळते. वरच्या ओठाला ट्विच (ओठ पिळून धरणारा दोरीचा फास) लावून आणि अनुभवी मोतद्दार डोक्याशी उभा ठेवून काम भागतं. गट्टुरल पाउच किंवा सायनसची तपासणी असेल तर गुंगी दिलेली बरी. मात्र ही औषधं शर्यतीच्या दिवशी अंगात सापडली तर डोपिंग ठरतात. पुढची शर्यत कधी आहे हे इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा.

रिपोर्टवर "ग्रेड थ्री" लिहिलंय. घोडा गेला का?

नाही, अजून नाही. स्वरयंत्राची हालचाल जोखण्याची ही हेवमायर पद्धत. २००३ मध्ये तज्ज्ञांच्या कार्यशाळेत ठरलेली आणि आता जवळपास सगळीकडे वापरली जाणारी. विश्रांतीत चार ग्रेड. पहिल्या ग्रेडला दोन्ही कूर्चा एकाच वेळी, सारख्याच हलतात आणि पूर्ण उघडतात. दुसऱ्या ग्रेडला डावी थोडी मागे राहते, अडखळते, थरथरते, पण पूर्ण उघडते आणि उघडी राहते. तिसऱ्याला पूर्ण उघडत नाही किंवा उघडी टिकत नाही. याचे आणखी तीन पोटभाग. चौथ्याला हालचालच नाही.

पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचे बहुतेक घोडे पळताना ठीक असतात, चौथ्याचे जवळपास सगळे कोसळतात. घोळ तिसऱ्यात आहे. काही घोडे शर्यतभर स्वरयंत्र उघडं धरून ठेवतात, काहींचं पहिल्या चार फर्लांगांतच (फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर) आत येतं, आणि उभ्या घोड्याकडे पाहून कोणता कुठला हे छातीठोक सांगता येत नाही. तिसऱ्या ग्रेडला पळतानाची तपासणी हवीच. तिथे अक्षरांची वेगळी ग्रेड मिळते: ए म्हणजे पूर्ण उघडं, बी म्हणजे अर्धवट, सी म्हणजे कूर्चा विश्रांतीतल्या जागेपेक्षाही आत, दुसऱ्या अर्ध्यावर झुकलेली.

दुसरं म्हणजे, एकाच घोड्याची ग्रेड दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या डॉक्टरांकडून थोडी वेगळी येऊ शकते. रिपोर्टवरच्या आकड्यासोबत व्हिडिओ मागून घ्या. व्हिडिओ दुसऱ्या कोणालाही दाखवता येतो. आकडा दाखवून काही उपयोग नाही.

नेहमी डावीच बाजू का?

मज्जातंतूच्या लांबीमुळे, असं मानलं जातं. स्वरयंत्र हलवणारा तंतू मेंदूकडून निघून मानेतून छातीत उतरतो आणि परत वर येतो. उजवा तंतू छातीच्या तोंडाशीच एका धमनीला वळसा घालून परततो. डावा पार हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालून येतो, त्यामुळे त्याची एकूण वाट दोन मीटरहून जास्त. इतक्या लांब तंतूचं टोकाकडचं पोषण आधी कमी पडतं, त्यावरचे स्नायू सुकतात, आणि स्वरयंत्र उघडणारा मुख्य स्नायू लुळा पडतो. दुखण्याचं नाव रिकरंट लॅरिंजियल न्यूरोपथी. उंच, लांब मानेच्या घोड्यांत ते जास्त आढळतं आणि काही घराण्यांत चालत येतं.

उजवी बाजू लुळी असेल तर वेगळा विचार करायचा. गळ्याच्या शिरेत देताना बाहेर गळलेलं जळजळीत इंजेक्शन, गट्टुरल पाउचमधली बुरशी, किंवा स्वरयंत्राचा जन्मजात दोष. दोन्ही बाजू लुळ्या असतील तर यकृत आणि विषबाधेकडे बघा.

इतिहासातला यातला सर्वांत प्रसिद्ध रोगी ऑर्मंड. १८८६ साली इंग्लंडची ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन मोठ्या शर्यतींचा मान, जिंकलेला हा घोडा १६ शर्यती पळाला आणि एकही हरला नाही. घसा गुरगुरायला लागल्यानंतरही १८८७ मध्ये तो जिंकतच राहिला. तरी दोष पिल्लांत उतरेल या धास्तीने मालकाने, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने, त्याला अर्जेंटिनाला विकलं. "आवाज करणारा घोडा जिंकूच शकत नाही" असं कोणी ठासून सांगितलं की मला ऑर्मंड आठवतो. अर्थात तुमचा घोडा ऑर्मंड असण्याची शक्यता कमी आहे.

पळत्या घोड्याच्या नाकात दुर्बीण? हे कसं शक्य आहे?

आधी ट्रेडमिलवर शक्य झालं. वेगवान ट्रेडमिलवर घोडा पळवून अभ्यास करणं स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात सुरू झालं आणि १९८० च्या दशकाअखेरीपासून त्यावरच दुर्बीण घालून घसा पाहायला लागले. ट्रेडमिलचे फायदे मोठे: वेग, चढ, दमणूक सगळं आपल्या हातात. तोटेही तसेच: घोड्याला आधी सराव द्यावा लागतो, वर जॉकी नाही, लगामाचा ताण नाही, शेजारी घोडा नाही.

२००८ च्या सुमारापासून ओव्हरग्राउंड किंवा डायनॅमिक एंडोस्कोपी आली. लवचिक नळी एका नाकपुडीतून घशापर्यंत घालून लगामाच्या पट्ट्यांना बांधतात. बॅटरी, दिवा आणि रेकॉर्डर खोगिराखालच्या गादीत किंवा मानेजवळ बसवतात. एक छोटा पंप अधूनमधून भिंगावर पाणी मारतो, नाहीतर पहिल्याच फर्लांगाला शेंबडाने पडदा पडतो. घोडा आपल्याच ट्रॅकवर, आपल्याच जॉकीसोबत पळतो. चित्र हातातल्या पडद्यावर दिसतं किंवा रेकॉर्ड होतं, आणि खरं निदान नंतर, संथ गतीने व्हिडिओ पाहताना होतं. साध्या डोळ्याला "टाळू सरकला" असं दिसलेलं दृश्य थांबवून थांबवून पाहिलं की लक्षात येतं, आधी स्वरयंत्राच्या कडेच्या घड्या आत आल्या, मग टाळू फुगला, मग तो सरकला. एकाच घोड्यात दोन-तीन दोष सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. फक्त शेवटच्या दोषावर ऑपरेशन केलं की मालक म्हणतो, "ऑपरेशन फसलं". ऑपरेशन फसलेलं नसतं, निदान अर्धं राहिलेलं असतं.

तीही चाचणी केली, काही सापडलं नाही. आता?

चाचणीच्या दिवशी घोडा किती पळाला हे आधी विचारा. टाळू बहुधा दमल्यावर सरकतो. तंदुरुस्ती अर्धवट असलेला घोडा तीन फर्लांग आरामात कँटर करून आणला तर तो काय सरकणार? घोडा शर्यतीच्या तयारीत असावा, अंतर शर्यतीएवढं असावं, वेग शर्यतीच्या जवळ जावा, शक्य असेल तर शेजारी दुसरा घोडा असावा, आणि शर्यतीत असतं तेच तोंडातलं लोखंड आणि तीच नाकपट्टी असावी. ट्रेनर महागड्या घोड्याला यंत्रासकट पूर्ण ताणायला कचरतो, ते समजण्यासारखं आहे. पण मग चाचणी करूच नये.

थांबतानाचंही चित्र पाहा. वेग कमी करताना, गिळताना टाळू सरकणं आणि जोर चालू असताना सरकणं यांचा अर्थ सारखा नाही.

इतकं नीट करूनही घसा स्वच्छ निघाला तर घशाचा नाद सोडा. फुप्फुसं, हृदय, स्नायू, पाय. पळून आल्यावर अर्धा ते दीड तासाच्या आत श्वासनलिका पाहिली तर रक्ताचा पुरावा मिळतो. दुसऱ्या दिवशी पाहून काही उपयोग नाही.

बाहेरून हात लावून किंवा अल्ट्रासाउंडने काही कळतं का?

अनुभवी बोटांना कळतं. स्वरयंत्राच्या डाव्या अंगावरचा स्नायू सुकला असेल तर तिथलं हाडासारखं टोक बोटाला टोचतं, उजवं तितकं टोचत नाही. अल्ट्रासाउंड याच्या पुढे जातो. दुर्बिणीला आतली बाजू दिसते, अल्ट्रासाउंडला कूर्चेच्या बाहेरचे स्नायू. लुळा पडत चाललेला स्नायू पडद्यावर निरोगी स्नायूपेक्षा पांढरट दिसतो, आणि घोडा पळवावा लागत नाही. तिसऱ्या ग्रेडच्या घोड्यात, ओव्हरग्राउंडची सोय जवळ नसेल तेव्हा, मी हा आधी करायला सांगेन. कूर्चेतली सूज आणि जन्मजात वाकडेपणाही यात कळतो. टाळूच्या बाबतीत मात्र हा अजून मागे आहे.

जुन्या काळी घोड्याला भिंतीशी उभं करून काठी उगारत आणि तो दचकून कण्हला की त्याला गुरगुऱ्या ठरवत. पाठीवर थाप मारून स्वरयंत्र हलतं का ते बघायची पद्धतही होती. दोन्हींवर विसंबू नका. नुसता भित्रा घोडाही कण्हतो.

दोन वर्षांच्या घोड्याच्या घशात लाल पुरळ आहे म्हणतात. संसर्ग आहे का?

बहुधा वयाचा भाग. लहान मुलांचे टॉन्सिल्स वाढतात तशा या वयात घशाच्या भिंतीवर लसिकाग्रंथी फुगतात आणि तीन-चार वर्षांपर्यंत बसतात. ताप नसेल, चंदी नीट खात असेल, तर चिंता नको. पुण्याच्या पावसाळ्यात दमट, बुरशी धरलेलं गवत आणि पेंढा मात्र कोणाच्याच घशाला सोसत नाही. गवत भिजवून द्या आणि तबेल्यात वारा खेळू द्या.

नाकातून रक्त आलं. घसा की फुप्फुस?

पळून आल्यावर दोन्ही नाकपुड्यांतून आलं तर बहुधा फुप्फुसातून. तबेल्यात शांत उभा असताना, एकाच नाकपुडीतून, तेही पुन्हा पुन्हा, तर वाट पाहू नका. गट्टुरल पाउचमध्ये बुरशी मोठ्या धमनीला पोखरत असते आणि छोट्या रक्तस्रावांमागून एखादा मोठा येतो, तो घोड्याचा जीव घेतो. त्याच दिवशी डॉक्टर. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा पू असेल तर दाढेचं मूळ किंवा सायनस.

आणि जबड्याखाली गाठी, ताप, दोन्हीकडून पू, असं असेल तर स्ट्रँगल्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग समजून घोडा आधी वेगळा बांधा. दुर्बीण एका घोड्यातून काढून तशीच दुसऱ्यात घातली तर ती रोग वाटत फिरते. प्रत्येक घोड्यानंतर ती निर्जंतुक केली जाते का, हे विचारायला मालकाने लाजू नये.

जीभ बांधून बघू का? लागू पडलं तर टाळूच असणार ना?

बघा, नियमांत बसत असेल तर हरकत नाही. काही घोड्यांना फरक पडतो. पण संशोधनातले निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि एका शर्यतीतली सुधारणा हा पुरावा नव्हे. त्या दिवशी घोडा हलक्या सोबत्यांत पळाला असेल, जमीन त्याच्या सोयीची असेल.

"एकदा ऑपरेशन करून टाकू, निदान नंतर बघू." असं सुचवलंय.

कोणतं ऑपरेशन? लुळ्या स्वरयंत्रासाठी टाय-बॅक: कूर्चा टाक्याने ओढून कायमची उघडी बांधायची. सरकणाऱ्या टाळूसाठी टाय-फॉरवर्ड: स्वरयंत्रच पुढे आणि वर बांधायचं, म्हणजे गुंडी काजात घट्ट बसते. पहिलं दुखणं असताना दुसरं केलं तर घोडा तसाच राहतो आणि हंगाम जातो. टाय-बॅकनंतर काही घोड्यांना कायमचा खोकला लागतो, चंदीचे कण श्वासनलिकेत उतरतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत टाका थोडा सैलावतोच. इतकी किंमत मोजायची तर दोष पळताना डोळ्यांनी पाहिलेला असावा.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून श्वासाचं ऑपरेशन झालेल्या घोड्याची त्यानंतरची पहिली शर्यत असेल तर तसं कार्डावर छापतात. पैसे लावणाऱ्याला कळावं म्हणून.

लिलावात घोडा घेतोय. स्कोप कधी करू?

विक्रीच्या अटी आधी वाचा: घशाच्या दोषावरून घोडा परत करायची मुभा आहे का, किती वेळात, कोणत्या ग्रेडला. वर्षाच्या घोड्याचा स्कोप हा त्या दिवसाचा फोटो आहे. हे दुखणं पुढे वाढू शकतं आणि शर्यतीला येईपर्यंत ग्रेड बदललेली असू शकते. दुसऱ्या ग्रेडसाठी चांगला घोडा सोडू नका. तिसऱ्या ग्रेडचा घेणार असाल तर किमतीत ते दिसायला हवं.

तपासणीच्या दिवशी मोतद्दाराला काय सांगू?

तबेल्यातल्या स्कोपसाठी: तासभर आधीपासून गवत नाही, तोंड धुऊन ठेवायचं, घशात चघळलेल्या गवताचा चोथा असला की काही दिसत नाही. ओव्हरग्राउंडसाठी: शर्यतीतलं लोखंड, नाकपट्टी आणि खोगीर सोबत, आदल्या दिवशी हलकं काम, आणि नेहमीचाच जॉकी. घोड्याला नाकाशी हात लावलेला चालत नसेल तर आठवडाभर आधीपासून रोज दोन मिनिटं नाकपुडीत बोट फिरवायची सवय लावायची. हे काम मोतद्दारच करू शकतो. त्या दिवशी घोड्याच्या डोक्याशी उभं राहायलाही तोच हवा, त्यामुळे त्याची रजा त्या दिवशी येत नाही ना ते आधी बघा.